खेळांना लागलेलं कुलूप

आमच्या घरातला गेम कन्सोल मी विकत घेतला तो संशय घेतघेतच. मुलगी अकरावीत होती आणि आम्ही तेव्हा दिल्लीत मुनिरकाच्या पुढे सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. मराठी लोकांच्या ग्रुपवर कोणीतरी लिहिलं होतं की जुना कन्सोल विकायचा आहे, मुनिरका, स्वतः येऊन घेऊन जाणे. मुलीने माझ्या मागे भुणभुण लावली, म्हणून एका रविवारी दोघी गेलो. गल्ली अशी की समोरून स्कूटर आली तर आपण दुकानात शिरायचं. तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत लातूरकडचा एक मुलगा राहत होता, यूपीएससी करणारा. भिंतीवर नकाशे, खाली गादी, आणि गादीच्या पायथ्याशी तो काळा डबा.

"कशाला विकतोस?" मी विचारलं.

"काकू, प्रीलिम्स आहे ना."

मी बिल मागितलं. त्याने बिल दिलं. मी खोका मागितला. त्याने खोकाही दिला, आतल्या थर्माकोलसकट. इतकं नीटनेटकं सगळं हाती आलं की मला उलट जास्तच शंका येते. माझी नोकरी केंद्र सरकारच्या एका खात्यात, दक्षता विभागात. लोकांना वाटतं आम्ही चोर पकडतो. प्रत्यक्षात आम्ही कागद वाचतो आणि एखादा कागद इतका स्वच्छ का आहे, याचा विचार करत बसतो.

"घरी माहीत आहे का, हे तुझ्याकडे होतं ते?" मी विचारलं.

तो खाली बघायला लागला. "सांगू नका हं काकू."

"मी तुझ्या घरच्यांना ओळखतही नाही."

"तरी पण," तो म्हणाला. मुलीने माझा दंड चिमटीत धरून मला खोलीबाहेर काढलं. निघताना तो मुलगा तिला म्हणाला की त्याने डाउनलोड केलेले गेम्स आतच राहू देत, त्याला आता नकोत, तुम्ही खेळा.

तो डबा तेव्हाही नवा नव्हता. पुढे त्याच कंपनीचा नवा, पांढरा, उंच अवतार बाजारात आला आणि आमचा अधिकृतपणे म्हातारा झाला. त्याच्या खोडी मात्र पहिल्यापासूनच म्हाताऱ्याच्या. एक म्हणजे जागा. आत जेमतेम भाड्याच्या खोलीतल्या माळ्याएवढी जागा, आणि प्रत्येक गेमला वाटायचं की माळा आपलाच. डिस्क घालून खेळायचा गेम असला तरी तो आधी स्वतःची पूर्ण नक्कल आत उतरवून घ्यायचा. मग ती डिस्क कशाला, असं मी विचारलं तर मुलगी म्हणाली, "ती फक्त दाखवायला आई. आयडी कार्ड समज." दुसरं म्हणजे अपडेट. एखादा गेम सुधारायचा तर तो जेवढा असेल तेवढीच आणखी मोकळी जागा मागायचा. नवा आधी जुन्याच्या शेजारी पूर्ण बांधायचा, मग जुना पाडायचा, अशी त्याची पद्धत. जुना पाडल्यावर तरी सगळी जागा परत मिळावी की नाही? दर वेळी थोडी कमीच दिसायची. यात कुठेतरी पाणी मुरतंय, हे माझं मत आजही कायम आहे.

पुढे आम्ही फरीदाबादला स्वतःच्या फ्लॅटमध्ये आलो, आणि तिसरी खोड समजली. तिथे लाइट जायची. इन्व्हर्टर पंखे आणि दिवे सांभाळायचा, हा डबा मात्र मध्येच कोसळायचा. डाउनलोड अर्धवट राहायचं. लाइट आली की तो आधी पडद्यावर मला सुनावायचा, की गेल्या वेळी तुम्ही यंत्र नीट बंद केलं नव्हतं, पुढच्या वेळी काळजी घ्या. मग स्वतःची तपासणी करत बसायचा. मी त्याला उत्तर द्यायचे. "मी बंद केलं नव्हतं. लाइट गेली होती. चौकशी कर ना नीट."

माझा नवरा अशा वेळी आतल्या खोलीतून म्हणायचा, "सर्व्हर डाऊन असेल." तोही केंद्राच्याच नोकरीत, पण दुसऱ्या खात्यात, आणि स्वभावाने माझ्या बरोबर उलटा. दूध फाटलं, पाहुणे आले नाहीत, मेट्रो थांबली, कशावरही त्याचं उत्तर एकच. त्याच्या कचेरीत संगणक बंद पडले की सगळे चहाला जातात, तिथून त्याने ते उचललं असावं. त्याला कधी कोणाचा संशय आल्याचं मी पाहिलेलं नाही. इतकी वर्षं मी हा त्याचा दोष समजत होते.

मी खेळायला लागले तीही पाळतीमुळेच. मुलगी बारावीत होती आणि अभ्यास सोडून काय करते ते बघायला मी तिच्या शेजारी जाऊन बसले. ती एक गाव वसवत होती. नदीकाठ, मोकळी जमीन, आणि एकेक घर, दुकान, रस्ता आपण बांधायचा. मी म्हटलं, इतक्या जवळ घर बांधलंस तर पुरात जाईल. ती म्हणाली, मग तू सांग कुठे बांधू. मी सांगितलं. त्या संध्याकाळी भाजी करपली. मग माझ्या नावाचं वेगळं खातं उघडलं आणि दोघींचं मिळून एक गाव त्यात सुरू केलं. तो गेम तिच्या खात्यावर सेलमध्ये घेतलेला, गाव माझ्या खात्यात, आणि दोन्ही एकाच डब्यात, त्यामुळे चालून जायचं. गावात एक पाणवठा होता, एक बेकरी होती, आणि चौकात मधोमध एक काळपट झाड. त्याला ती काला अंब म्हणायची. दर संक्रांतीला मराठी मंडळाची बस पानिपतला, लढाईच्या जागी काला अंब नावाचं आंब्याचं झाड होतं तिथल्या स्मारकाला जायची आणि आम्ही तिला लहानपणापासून त्या बसमध्ये बसवलं होतं. तिळगूळ, भाषणं, थंडी. तिला तेव्हा भयंकर कंटाळा यायचा, पण स्वतःचं गाव वसवायची वेळ आली तेव्हा मधोमध तेच झाड आलं. मला आतून फार बरं वाटलं होतं. मी तिला तसं बोलले नाही.

काही दिवसांनी तो गेम कंपनीच्या ऑनलाइन दुकानातूनच निघाला. ज्यांच्या यंत्रात आहे त्यांच्याकडे राहील, नव्याने कोणाला मिळणार नाही, अशी सूचना आली. त्या सूचनेवर मी काय विश्वास ठेवणार? एकदा पुसून पुन्हा उतरवायला गेलो आणि मिळालाच नाही तर? तेव्हापासून जागा कमी पडली की आम्ही बाकी काहीही काढून टाकायचो, गाड्यांच्या शर्यती, फुटबॉल, मारामाऱ्या, पण गावाला हात लावायचा नाही.

याच सुमारास एक दिवस लातूरच्या त्या मुलाच्या सगळ्या गेम्सवर एक छोटं कुलूप दिसायला लागलं. मी मुलीला हाक मारली.

"अच्छा, हे होय," ती म्हणाली. "प्रत्येक माणसाचं एकच यंत्र मुख्य असतं आई. मुख्य यंत्रावर त्याचे गेम्स घरातले सगळे खेळू शकतात. आत्तापर्यंत आपलं हे त्याचं मुख्य होतं. आता त्याने दुसरीकडे मुख्य केलं, म्हणून इथे लॉक. तुमच्या फॉर्मवर नसतो का, कायमचा पत्ता? तसं."

"म्हणजे त्याने नवीन घेतला."

"घेतला असेल."

"आणि परीक्षा? मुनिरकात बसून हा गेम खेळतोय. त्याच्या घरच्यांना कोणीतरी सांगायला हवं."

"आई यार, तू त्याची आई नाहीस." ती हसत होती. "तुझी ना खरंच कमाल आहे. शितावरून तू अख्खा भात काढतेस. तुला काही सांगायची भीतीच वाटते."

मी ते कौतुक समजून ठेवून घेतलं.

मग ती शिकली, तिला नोकरी लागली आणि ती पुण्याला गेली. पीजीमध्ये राहते, एका खोलीत तिघी, टीव्ही नाही, जेवण मेसचं, असं तिने सांगितलं. जाताना म्हणाली, "गाव सांभाळ." मी संध्याकाळी कचेरीतून मेट्रोने घरी यायचे, चहा करायचे आणि थोडा वेळ गावात जाऊन बसायचे. नदीवर पूल बांधायला घेतला होता. तो मी मुद्दामच अर्धा ठेवला होता, ती आली की दोघींनी पुरा करायचा म्हणून. फोनवर ती विचारायची, पूल झाला का? मी म्हणायचे, विटा कमी पडतायत.

दिवाळी होऊन गेली होती. त्या दिवशी चहा घेऊन बसले, डबा सुरू केला आणि बघते तर गावाच्या चित्रावर कुलूप.

माझ्या मनात काय आलं ते सांगते. पहिल्यांदा आलं की बिघाड असेल. आणि लगेच आलं, नाही. या डब्यात हजार खोडी असतील, पण कुलपाच्या बाबतीत तो कधी खोटं बोललेला नाही. मुलीने दुसऱ्या कुठल्यातरी यंत्राला आपलं मुख्य यंत्र केलं होतं. पीजीत टीव्ही नाही. मग यंत्र कशाला जोडलंय? कोणाच्या टीव्हीला? कोणाच्या घरात?

"अहो," मी म्हटलं, "गावाला कुलूप लागलंय."

"सर्व्हर डाऊन असेल," तो पेपरातून मान वर न काढता म्हणाला.

आमच्याकडे थेट विचारायची पद्धत नाही. आधी कागद जमवायचे, मग माणसाला बोलवायचं. त्या आठवड्यात फोनवर मी अगदी सहज विचारलं, "टीव्हीवर काय बघतेस हल्ली?" "टीव्ही कुठेय आई पीजीत," ती म्हणाली. ठीक. मग एकदा तिच्या मागे कुकरची शिट्टी ऐकू आली. मेस आहे तर कुकर कुठला? "वरच्या मजल्यावर कोणीतरी राहतं," ती म्हणाली, जरा जास्तच पटकन. हेही ठीक. मी नवऱ्याला दोन्ही गोष्टी सांगितल्या. तो म्हणाला, "निनावी तक्रारीवर कारवाई करायची नाही, हा तुमचाच नियम ना? मग कुकरच्या शिट्टीवर काय कारवाई करणार?" मला राग आला, पण नियम तोच आहे.

मग मी हात दाखवून अवलक्षण करून घेतलं. आमच्या डब्यात मुलीचं खातंही होतंच, पासवर्ड लक्षात ठेवलेलं. गेम तिच्या मालकीचा, म्हणजे तिच्या नावाने आत गेलं की कुठल्याही यंत्रावर तो उघडणार, एवढं मला माहीत होतं. मी स्वतःला सांगितलं की मला फक्त गाव बघायचंय. ते खरं नव्हतं. मी तिच्या नावावर बटण दाबलं आणि गेम उघडला. पण गाव माझ्या खात्यातलं होतं. तिच्या नावाने आत गेल्यावर तिथे नुसता नदीकाठ होता, सपाट हिरवी जमीन, आणि पडद्यावर प्रश्न, की नवीन गाव वसवायचं का?

मी त्या रिकाम्या काठाकडे बघत बसले होते तेवढ्यात वरच्या कोपऱ्यात एक निरोप आला. कोणीतरी मुलीचं नाव पडद्यावर उजळलेलं पाहून तिला लिहिलं होतं, "अगं, तू ऑनलाइन कशी? अजून घरी कुठे आलीस? भाजी चिरून ठेवलीय."

घरी, असं लिहिलं होतं. मी कंट्रोलर मांडीवर ठेवून ते वाचत राहिले. थोड्याच वेळात पडदा काळा झाला आणि डब्याने मला कळवलं की या खात्याचा पासवर्ड बदलण्यात आला आहे, पुन्हा नोंद करा. म्हणजे ज्याने भाजी चिरली त्याने तिला फोन केला होता, आणि तिला कळलं होतं की तिच्या नावाने फरीदाबादहून कोण आत शिरलंय.

त्या रविवारी तिचा फोन आला नाही. मीही केला नाही. आमच्या नोटिशीत शेवटी एक वाक्य असतं, दिलेल्या मुदतीत खुलासा न आल्यास आपणांस काहीही म्हणावयाचे नाही असे समजण्यात येईल. मी तेच धरून चालले. ती गप्प आहे म्हणजे कबूल आहे. कोण असेल, कसा असेल, किती दिवस चाललं असेल, मी भांडी लावताना, मेट्रोत, जेवताना आरोपपत्र लिहीत होते. मुलगी गप्प राहते ती दुखावली म्हणूनही, हे माझ्या डोक्यात आलंच नाही, कारण नोटिशीत त्याला जागा नसते. असे दोन-तीन रविवार गेले.

शेवटी नवराच बोलला. रविवारची सकाळ होती, बाल्कनीत ऊन आलं होतं आणि आम्ही दोघं मटार सोलत होतो. दिल्लीकडे हिवाळाभर मटार सोलणं हे दुसरी नोकरी असल्यासारखंच असतं.

"ती एका मुलाबरोबर राहते," तो म्हणाला. "फ्लॅट घेतलाय दोघांनी मिळून. पावसाळ्यापासून."

मी शेंग हातात धरून त्याच्याकडे बघितलं. "तुम्हाला कसं माहीत?"

"तिने सांगितलं."

"तुम्हाला?"

"मी काही विचारत नाही ना," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तो फक्त कारण सांगत होता. "ट्रेनिंगला पुण्याला गेलो होतो ना, तेव्हा भेटलो त्याला. नागपूरचा आहे. चांगला आहे. पोहे बरे करतो."

पोहेसुद्धा खाऊन आला होता. त्या मुलाबद्दल मला काही वाटायच्या आधी हे लागलं. मुलगी एकत्र राहते याला मी काय म्हणाले असते ते मला खरंच माहीत नाही. कदाचित आरडाओरडा केला असता, कदाचित आठ दिवसांत पुण्याचं तिकीट काढलं असतं. पण तिने सांगायला दोघांतला एक माणूस निवडला होता आणि ती मी नव्हते. जगातल्या स्वच्छ कागदांवर शंका घेणारी मी, आणि जेवणाच्या टेबलावर रोज समोर बसणाऱ्या सर्वांत स्वच्छ कागदाकडे मी कधी नीट बघितलंच नव्हतं. मला रडू आलं. मी मटाराचं पातेलं घेऊन आत गेले.

दुपारी काही सुचेना म्हणून डबा सुरू केला. त्याला कसलं तरी अपडेट हवं होतं आणि जागा नव्हती. जागा हवी असल्यास पुढील गोष्टी काढून टाकता येतील, असं तो म्हणाला, आणि बरेच दिवस न उघडलेलं म्हणून सगळ्यात वर गाव ठेवलं होतं. बटणावर माझा अंगठा होता. एकदा काढलं की ते परत कुठे मिळणार नव्हतं. गेलं तर गेलं, असं मला रागाने वाटलं, अगदी स्पष्ट वाटलं. मग मी डबा बंद केला. नीट बंद केला, त्याला पुन्हा बोलायला जागा नको म्हणून.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला.

"बाबांनी सांगितलं ना तुला."

"हो."

"चिडलीस?"

"मला का नाही सांगितलंस?"

"तू चौकशी लावली असतीस, आई."

मी विचार केला. "लावली असती," मी म्हटलं.

ती जराशी हसली. मग ती म्हणाली, "सॉरी, मला लक्षातच नाही आलं यार की तुझ्याकडे गावाला लॉक लागेल. त्याला माझे गेम्स खेळायचे होते म्हणून इथलं मुख्य केलं. परत बदलू का? पण मग त्याचे बंद होतील."

"राहू दे," मी म्हटलं. हे शब्द मी कसे उच्चारले ते मलाच माहीत.

"बरं, मग नवा पासवर्ड पाठवते, तुझ्याकडेही माझं नाव चालू ठेव. फक्त माझ्या नावाने आत जाऊ नकोस, प्लीज. उद्या इथलं काढलं आणि दुसरं कुठलंच मुख्य उरलं नाही, तर तुझ्याकडचं आपोआप मुख्य होईल."

"इथलं कशाला काढशील?"

"उदाहरण दिलं आई," ती म्हणाली.

संक्रांतीला मंडळाच्या बसने आम्ही पानिपतला गेलो. थंडीत काला अंबच्या स्मारकापाशी शाली गुंडाळून सगळे उभे होते. एका बाईंनी तिळगूळ हातावर ठेवत विचारलं, "लेक काय म्हणते? स्थळं बघायला लागलात की नाही?" मी म्हटलं, "नोकरी नवीन आहे, पीजीत राहते, वेळच नसतो तिला." इतकं सफाईदार बोलले मी की आमच्या विभागाला ऐकवायला हवं होतं. त्या बाईंनी मान डोलावली, पण माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. असं बघणं मी चांगलं ओळखते, आयुष्यभर मीच तसं बघत आले. ते आपल्यावर आलं की कसं वाटतं ते मला तिथे पहिल्यांदा कळलं. नवरा शेजारी उभा होता. तो म्हणाला, "चला, बस सुटेल."

मुलीचे फोन पुन्हा सुरू झाले होते. आता मागे कुकर वाजला तरी मी काही म्हणायचे नाही. कधीकधी त्या मुलाचा आवाजही यायचा, "काकूंना नमस्कार सांग." मी "हो हो" म्हणायचे. संध्याकाळी मात्र सवयीने डबा सुरू करायचे. नवा पासवर्ड मी घालून ठेवला होता, पण तिच्या नावाने आत जात नव्हते, म्हणून खेळायला काही नव्हतं. कुलूप आहे ना, एवढं बघायचे आणि बंद करायचे. खरं सांगायचं तर पुढेपुढे मला ते बघून बरंही वाटायचं. कुलूप आहे म्हणजे तिकडे घर चालू आहे, भाजी चिरली जातेय.

होळी झाली, आणि एक दिवस संध्याकाळी बघते तर कुलूप नाही.

मी उघडलं, गाव उघडलं. पाणवठा, बेकरी, चौकातलं काळपट झाड, अर्धा पूल, सगळं जिथल्या तिथे. चहा संपेपर्यंत मला नुसता आनंद झाला होता. चहा संपला आणि डोकं चालायला लागलं. मी तिला राहू दे म्हटलं होतं, तेव्हा माझ्यासाठी तिने हे केलेलं नाही. नवीन यंत्र घेतलं असतं तर ते मुख्य झालं असतं आणि इथे कुलूप तसंच राहिलं असतं. हे आपोआप मुख्य झालंय, म्हणजे तिला दुसरं मुख्य यंत्र आता कुठेच नाही. तिने तिथलं आपलं नाव काढून घेतलं. चालत्या घरातून कोणी आपलं नाव काढून घेत नाही.

मन चिंती ते वैरी न चिंती, असं मी स्वतःला बजावलं. पण माझी खात्री होती. गेले चार महिने मला हेच हवं होतं, कुलूप निघायला हवं होतं, आणि आता ते निघालं होतं. त्यापेक्षा कुलूप बरं होतं.

मी नवऱ्याकडे बघितलं. या वेळी नीट बघितलं. तो सोफ्यावर शब्दकोडं सोडवत होता, पेन्सिल दातात धरून, आणि त्याच्या चेहऱ्यावर आडव्या शब्दांपलीकडे काहीही नव्हतं. याला माहीत नाही. अजून तिने कोणालाच सांगितलेलं नाही.

मी फोन घेऊन स्वयंपाकघरात गेले.

"जेवलीस का?" मी विचारलं.

"हो," ती म्हणाली. मागे कुकर नव्हता, टीव्ही नव्हता, कोणीच नव्हतं.

कोणी सोडलं, का सोडलं, फ्लॅट कोणाच्या नावावर आहे, तू या क्षणी कुठे बसली आहेस, सगळे प्रश्न तोंडाशी येऊन उभे होते. मी ओट्याची कड घट्ट धरली.

"पुलाच्या विटा जमल्यात," मी म्हटलं. "तू आलीस की बांधू. ये सवडीने."

मग ती म्हणाली, "तुला कळलं."

"कुलूप निघालं."

ती रडायला लागली. लहानपणी रडायची तशीच, आधी श्वास अडकून, मग एकदम. मी ऐकत राहिले. गॅसवर दूध होतं, ते बंद केलं. ती मैत्रिणीकडे आहे, एवढं तिने आपणहून सांगितलं. मी "बरं" म्हटलं.

"काही विचारणार नाहीस?" ती नाक ओढत म्हणाली.

"नाही."

"शुक्रवारी येऊ?"

"ये."

"आई." ती म्हणाली. "बाबांना नको ना सांगूस एवढ्यात. त्यांना तो आवडला होता गं."

"नाही सांगत," मी म्हटलं.

डोळे पुसून, तोंडावर पाणी मारून मी बाहेर आले. पडद्यावर गाव तसंच उघडं होतं. नवऱ्याने मान वर केली, टीव्हीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"अरे वा, उघडलं की. काय झालं होतं?"

"काही नाही," मी त्याच्या शेजारी बसत म्हटलं. "सर्व्हर डाऊन होता."